बारा महिन्यांचा भागाकार

मॅडम,
मी ३८ वर्षांचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवतो. एम. ए., सेट, पीएच. डी. सगळं झालं, पण दहा वर्षं झाली तरी सीएचबीच, म्हणजे तासिका तत्त्वावर. अनुदानित कॉलेजात आठवड्याला नऊ तास, तासाला ९०० रुपये. गेल्या वर्षी २३० तासांचं २,०७,००० रुपयांचं बिल निघालं. त्यातून दहा टक्के टीडीएस कापला आणि पैसे दोन हप्त्यांत आले, एक दिवाळी उलटल्यावर, दुसरा जूनमध्ये. आठवड्यातले उरलेले तीन दिवस ३८ किलोमीटरवरच्या विनाअनुदानित कॉलेजात जातो. तिथे १४ तास घेतो, महिना ११,००० ठोक, वर्षातले दहा महिने. घरभाडं ६,०००. मुलगी तिसरीत आहे. बायको शिलाईकाम करते, तिचा महिन्याला सहा-सात हजारांचा हातभार असतो. विभागातले पर्मनंट सर म्हणतात, लाखभर पगारातही हल्ली भागत नाही. हसावं की रडावं कळत नाही.
आता आमच्या संस्थेत एक जागा निघते आहे. एका पदाधिकाऱ्यांनी बोलावून 'पंचेचाळीसची तयारी ठेवा' असं सांगितलं. वडील दीड एकर बागायतीतला एकर विकायला तयार आहेत. बहीण कराडला दिली आहे, तिचं बरं चाललंय. गावात मला प्राध्यापक साहेब म्हणतात आणि देवळाच्या वर्गणीत माझा आकडा इतरांपेक्षा मोठा धरतात. काय करू?
— एक सीएचबी

सर,

पर्मनंट सरांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण ते खोल रुतलेलं दिसतं. म्हणून आधी तेच काढू. मी स्वतः तेहतीस वर्षं स्टाफरूमच्या त्याच बाजूला बसले. १९९० मध्ये लागले तेव्हा मूळ वेतन २,२०० होतं. पुढे प्रवेशाची श्रेणी १९९६ पासून ८,००० ला सुरू झाली, २००६ पासून १५,६०० आणि वर ६,००० ग्रेड पे, २०१६ पासून ५७,७००. दर दहा वर्षांनी कुणीतरी माझ्या पगाराकडे नव्याने बघितलं, आणि मधल्या काळात महागाई भत्ता वर्षातून दोनदा वाढत राहिला. मी त्यासाठी कधी अर्ज केला नाही, कुणाला भेटले नाही. ही सोय किती मोठी होती हे मला निवृत्त झाल्यावर कळलं.

तुमचे सर खोटं बोलत नाहीत. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो तो औद्योगिक कामगारांचा. देशातल्या ८८ केंद्रांतले भाव, पाया २०१६ बरोबर १००. तुम्ही हे वर्गात शिकवता, मी कशाला सांगू. पण त्या टोपलीत एका कामगार कुटुंबाचं धान्य, भाडं, कपडे आणि जळण असतं. सरांच्या मुलाचं पुण्यातलं खाजगी इंजिनिअरिंग, होस्टेल, कर्वेनगरात बुक केलेल्या फ्लॅटचा हप्ता, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन, यांचं त्या टोपलीत वजन नगण्य. डाळ-तांदळाच्या महागाईपासून त्यांचा पगार त्यांना वाचवतो, मध्यमवर्गीय हौशी आणि धास्ती यांच्या महागाईपासून वाचवत नाही. तेव्हा त्यांचं 'भागत नाही' खरं आहे. फक्त ते तुमच्यासमोर म्हणायला नको होतं, आणि चहाचे पैसे तरी त्यांनी द्यायला हवे होते.

आता तुमच्या दोघांमधला फरक. आज तुमच्या गावात नवा सहायक प्राध्यापक लागला तर मूळ ५७,७००, त्यावर ५५ टक्के धरला तर महागाई भत्ता ३१,७३५, लहान गावाचा दहा टक्के घरभाडं भत्ता ५,७७०. बेरीज ९५,२०५. तुमचे २,०७,००० बारांनी भागा, १७,२५० येतात. काम तेच, पुस्तक तेच, फळाही तोच. पण मला जास्त खुपतो तो साडेपाच पटींचा आकडा नाही. भत्ता तीन टक्क्यांनी वाढला की त्या नव्या माणसाला महिन्याला १,७३१ रुपये वाढून मिळतात. म्हणजे तुमच्या जवळपास दोन तासिका, दर महिन्याला, एकही जादा वाक्य न शिकवता. तुमचा ९०० चा दर मात्र कुठल्याच निर्देशांकाला बांधलेला नाही. मंत्रालयातून जीआर निघेपर्यंत तो जागचा हलत नाही, आणि मधल्या वर्षांत भाव वाढत जातात तसा तो गुपचूप कमी होत जातो. निर्देशांक शिकवणाऱ्या माणसाला निर्देशांक लागू नाही!

अजून एक हिशोब सांगते, तो तुम्ही मनात केला असेल. यूजीसीनेच (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१९ च्या जानेवारीत अतिथी अध्यापकाला तासाला १,५०० आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० अशी शिफारस केली. २०२३ पासून जेआरएफ ही शिष्यवृत्ती मिळालेल्या संशोधक विद्यार्थ्याला महिना ३७,००० मिळतात. तुमच्या हाताखाली शिकून गेलेली एखादी मुलगी नेट-जेआरएफ झाली तर पीएच. डी. करताना तिला जे मिळेल ते पीएच. डी. संपवून बसलेल्या तुम्हाला दोन कॉलेजं मिळूनही मिळत नाही. तुम्ही कुठे कमी पडलात याचा शोध रात्री लावत बसू नका. व्यवस्थेने हजारो जागा रिकाम्या ठेवल्या आणि त्या तासांवर चालवल्या. २०२१ च्या नोव्हेंबरात २,०८८ पदं भरायला मंजुरी मिळाली होती. त्या आशेवर तुमच्या पिढीने किती वर्षं काढली हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अलीकडे सुटकेचा आणखी एक वारा आला. गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांत महिना ३०,००० वर राबणाऱ्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं. समारंभात 'गुरुर्ब्रह्मा गुरुर्विष्णु' म्हणत राहून भागत नाही, असंही न्यायमूर्तींनी सुनावलं. तो निकाल मुळातून वाचा, तुमच्या संघटनेतल्यांना वाचायला द्या. पण लक्षात घ्या, ते लोक पूर्णवेळ कंत्राटावर होते आणि तुम्ही तासावर आहात. सरकारी वकील नेमकं तिथेच बोट ठेवणार. तसंच आठव्या वेतन आयोगाचं. न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या अध्यक्षतेखाली तो बसलाय, पण प्राध्यापकांच्या श्रेणी त्यानंतर वेगळ्या ठरतात. सातव्याच्या वेळी १ जानेवारी २०१६ पासूनच्या श्रेणींचा आपल्या राज्याचा जीआर ८ मार्च २०१९ ला निघाला होता. आणि तो निघाला तरी सीएचबीच्या ताटात काय पडेल ते तुम्ही जाणता.

मग पंचेचाळीस लाख.

'लाच देणं पाप आहे' असं लिहून मी मोकळी झाले असते, पण तुम्ही अर्थशास्त्राचे, तुम्ही गणित मांडलेलं आहे आणि ते गणित तुम्हाला मोहात पाडतंय. ते मीही मांडून बघितलं. ९५,२०५ मधून एनपीएसचे (पेन्शन योजनेचे) दहा टक्के आणि व्यवसाय कर गेला तर हातात ८६,००० येतील. आज दोन्ही कॉलेजांचे मिळून वर्षाला ३,१७,००० म्हणजे महिना २६,४०० पडतात. महिन्याला साठेक हजार जास्त. पंचेचाळीस लाख सव्वासहा वर्षांत वसूल, पुढची चौदा-पंधरा वर्षं नफाच नफा. व्यवहार फायद्याचा आहे म्हणून तर हा बाजार चालतो. तो मूर्खांच्या जिवावर चालत नाही, तुमच्यासारख्या हुशार आणि थकलेल्या माणसांच्या जिवावर चालतो.

आता त्याच कागदावर खाली एक ओळ लिहा. पंचेचाळीस लाख सात टक्क्यांनी बँकेत ठेवले तर वर्षाचं व्याज ३,१५,०००. दोन कॉलेजं, ऊन-पावसातली गाडी, पेपर तपासणी, सगळं करून तुमची वर्षाची मिळकत ३,१७,०००. दोन हजारांचा फरक! वडिलांचा तो एकर शिकवल्याशिवाय तुमच्याएवढं कमावू शकतो. असा एकर एका माणसाच्या शब्दावर, पावती न घेता, द्यायचा का?

कारण पावती नाहीच मिळणार. जाहिरात निघेल, बिंदुनामावलीवर (राखीव जागांच्या क्रमावर) हरकत येईल, आरक्षणाचा प्रवर्ग बदलेल, विद्यापीठाचा प्रतिनिधी हजर नसेल, कुणी कोर्टात जाईल, जेडी (शिक्षण सहसंचालक) ऑफिसात मान्यता अडकेल. आणि पंचेचाळीस सांगणारा माणूस दुसऱ्याला पन्नास सांगत नसेलच असं नाही. ज्यांचे अर्धे पैसे परत आले आणि अर्धे 'पुढच्या वेळी बघू' म्हणून राहिले असे दोन जण माझ्या स्वतःच्या विद्यार्थ्यांत आहेत. त्यांच्यातला एक आता त्या संस्थेसमोरून जाताना एसटीत मान दुसरीकडे वळवतो. पोलिसांत जाता आलं नाही, कारण तक्रारीत पहिली ओळ स्वतःच्या गुन्ह्याची लिहावी लागली असती. अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचा पदाधिकारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यापुढे लोकसेवक धरला जातो, आणि २०१८ च्या दुरुस्तीपासून देणाराही थेट आरोपी होतो. अजून तुम्ही काही दिलेलं नाही. तक्रार करायची छाती असेल तर १०६४ हा लाचलुचपतवाल्यांचा नंबर आहे. नसेल तर मी तुम्हाला भित्रा म्हणणार नाही. त्याच संस्थेत सोमवारी तास घ्यायला जायचंय हे मला कळतं. निदान 'माझी ऐपत नाही' एवढं सांगून बाहेर पडा आणि मुलाखतीला मात्र नक्की जा.

आणखी एक. तुमच्या पत्रात बहीण एका वाक्यात येऊन गेली. 'तिचं बरं चाललंय.' सर, जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ पासून तिचा तिच्यात तुमच्याइतकाच हिस्सा आहे. वडील तयार आहेत असं तुम्ही लिहिता. तिला कुणी विचारलं? ती भाऊबीजेला येईल, काही बोलणारही नाही, सही मागितली तर करूनही टाकेल. आपल्याकडच्या बहिणी अशाच सह्या करतात. पण तुमच्या पगाराची किंमत तिच्या न बोलण्यातून वसूल व्हावी, हे तुम्हाला मान्य आहे का, एवढं स्वतःला विचारा. माझं उत्तर स्पष्ट आहे. एकर विकू नका.

आता मिळकतीकडे वळते. तुम्ही ९०० चा दर लिहिलात, पण खरा तोट्यातला धंदा दुसरीकडे आहे. विनाअनुदानित कॉलेजात आठवड्याला १४ तास, महिन्याचे ५६, त्याचे ११,०००. जाऊन-येऊन ७६ किलोमीटर, महिन्यातून बारा दिवस, पेट्रोलचे एकोणीसशे-दोन हजार गेले. उरले ९,१००. रस्त्यावरचे रोजचे दोन तास धरले तर महिन्याला ८० तास झाले. तासाला ११४ रुपये पडले. तुमच्या गावात अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई याहून जास्त असेल, बायकोला विचारा.

बायकोवरून आठवलं. तिच्या सहा-सात हजारांना तुम्ही हातभार म्हणालात. तुमचे पैसे दिवाळीनंतर आणि जूनमध्ये येतात. तिचे बाराही महिने येतात. एप्रिल-मेमध्ये, जेव्हा दोन्ही कॉलेजांतून एक रुपया हातात पडत नाही आणि लग्नसराईचे आहेर मात्र रांग लावून उभे असतात, तेव्हा घर कोण चालवतं? लग्नसराईत तर तिच्याकडे काम जास्तच येत असणार. तुमच्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार मिळणारं एकच माणूस आहे आणि तुम्ही त्याला हातभार म्हणता. तिला पिकोचं किंवा ओव्हरलॉकचं मशीन हवं असेल तर पदाधिकाऱ्यांच्या आधी तिला पैसे द्या.

माझं मत असं की पुढच्या जूनपासून ते दुसरं कॉलेज सोडा. दहा महिन्यांचे ९१,००० जातील, हे खरं. पण तीन दिवस मोकळे होतील. तुमच्या तालुक्यात अकरावी-बारावी कॉमर्सची मुलं अर्थशास्त्राला आणि अकाउंट्सला कुठे जातात? बहुधा साताऱ्याला, नाहीतर कुठेच नाही. पूर्णवेळ प्राध्यापकाला खाजगी क्लास घेता येत नाहीत, पण तुम्हाला पूर्णवेळ म्हणायला कुणी तयार नाही, मग त्याचा एवढा तरी फायदा घ्या. नेमणुकीच्या आदेशातल्या अटी तेवढ्या आधी वाचून घ्या. वीस मुलं, महिना ५०० रुपये, म्हणजे दुसरं कॉलेज भरून निघालं, गाडी घरासमोर उभी राहून. 'प्राध्यापक साहेब क्लास घेतात' असं गावात म्हणतील. म्हणू देत. तेच लोक पोरं घेऊन येतील. आणि वर्गणीवाल्यांना यंदा सरळ सांगा, मला तासावर पैसे मिळतात. एकदाच बोलायला जड जाईल, नंतर नाही.

दुसरं कॉलेज सोडण्याआधी मात्र तिथून तुमच्या सगळ्या वर्षांचे नेमणूक आदेश आणि अनुभवाचे दाखले सही-शिक्क्यासह घ्या. शिक्षकांना ग्रॅच्युइटीचा कायदा २००९ च्या दुरुस्तीने लागू झाला, तोही १९९७ पासून मागे जाऊन. २०२५ पर्यंतच्या त्या कायद्यात पाच वर्षांची सलग सेवा लागायची आणि संस्था दर उन्हाळ्यात खंड दाखवतात, म्हणून मिळेलच असं म्हणत नाही. पण कागद हातात असल्याशिवाय वकीलही काही बोलू शकत नाही. अनुदानित कॉलेजातल्या मस्टरच्या, टाइमटेबलच्या, बिलांच्या प्रतीही जमवा. उद्या सेवा धरण्याचा प्रश्न आला, की ज्याच्याकडे फाइल आहे त्याचंच ऐकतात. माझ्या वेळी आम्ही १९९० च्या नेमणुकीचं पत्र लॅमिनेट करून ठेवलं होतं आणि हसं करून घेतलं होतं.

अनुदानित कॉलेजातले नऊ तास सोडा असं मी म्हणत नाही. तिथे ९०० मिळतात, ते घराजवळ आहे, आणि पत्र वाचून वाटलं की तुम्हाला शिकवायला आवडतं. निदान तुम्ही त्याबद्दल एकही तक्रार केली नाहीत, मुलांबद्दलही नाही, हे लक्षात आलं माझ्या. पण मुदत घाला. दोन शैक्षणिक वर्षं. त्यात जिथे जिथे जाहिरात निघेल तिथे अर्ज करा, पुण्याच्या खाजगी विद्यापीठांतही. तिथे ठोक पगार असतो आणि उद्याची खात्री नसते, पण ती इथे तरी कुठे आहे? महिना पन्नास हजार मिळाले तर पुण्यात घरभाडं, मुलीची शाळा आणि बायकोची तुटलेली गिऱ्हाइकं वजा करून बघा. कदाचित इथले तीस बरे निघतील. ते तुम्ही दोघांनी बसून ठरवा, मी इथून सांगणं बरं नाही. चाळिशीला पोचताना तुमच्याकडे कायम नोकरी नसली तरी चालता क्लास, भरलेली फाइल आणि न विकलेला दीड एकर असावा, एवढं मला वाटतं.

वडिलांना काय सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तेच सगळ्यात अवघड जाणार आहे. ते एकर द्यायला निघालेत ते तुमच्या पगारासाठी नाही, दहा वर्षं गावाला 'होईल पुढच्या वर्षी' असं सांगून त्यांचं तोंड दुखलंय म्हणून. त्यांना हे सगळे आकडे दाखवा. शेतकऱ्याला उत्पन्न आणि खर्च आपल्यापेक्षा लवकर कळतो. एकराचं व्याज आणि तुमची वर्षाची कमाई एका ओळीत लिहून दाखवलीत तर ते फार वेळ वाद घालणार नाहीत.

शेवटी एक बारीक काम, पण आधी करायचं. तुमच्या २,०७,००० मधून २०,७०० टीडीएस कापलाय. एवढ्या मिळकतीवर नव्या करप्रणालीत कर लागत नाही, म्हणजे ते सगळे पैसे परत मिळायचे आहेत. बरेच सीएचबी 'आपलं कसलं रिटर्न' म्हणून भरतच नाहीत आणि दरवर्षी तेवीस तासांची कमाई सरकारकडे सोडून देतात. रिटर्नची मूळ तारीख चुकली असेल तरी उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं. पॅन, आधार, बँकेचं पासबुक आणि फॉर्म २६एएस (कापलेल्या कराचा उतारा) घेऊन या आठवड्यातच बसा. विभागातल्या दुसऱ्या सीएचबींनाही सांगा.

— तुमची, मॅडम